चाळिशीनंतरचा चौक

वारल्यांच्या लग्नघरात चौक काढायचा तो सवाशिणींनी. भिंत शेणाने सारवायची, तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा, भिजवलेला तांदूळ वाटून पांढरा रंग करायचा, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचा करायचा आणि मधल्या चौकटीत पालघट देवी बसवायची. चौक झाल्याशिवाय आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. या भिंतीवर पुरुषाच्या हाताला परंपरेने जागा नव्हती. तरीही डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या एका पुरुषाच्या हातून ही रेघ जगभर गेली. वाणगाव स्टेशनावर उतरणाऱ्याला गंजाड फार लांब नाही. तिथले जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन आले, तेव्हा म्हसे चाळिशीला टेकले होते. १९७५ साली मुंबईत जहांगीरमधल्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली आणि १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं. २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

ही हकीगत आपल्याकडे बहुधा आदिवासी कलेच्या गौरवाची म्हणून सांगितली जाते. ती उशिरा शिकण्याचीही हकीगत आहे, आणि त्या बाजूने ती फारशी तपासलेली नाही. चाळिशीच्या माणसाने हातात पहिल्यांदा कागद घ्यावा आणि चारपाच वर्षांत देशाचा पुरस्कार मिळवावा, हे शून्यातून सुरुवात केलेल्या माणसाला शक्य नाही. मग त्यांच्यापाशी आधीचं काय होतं? सातव्या वर्षाच्या सुमाराला आई गेली आणि त्यांनी बोलणं सोडलं. पुढे कित्येक वर्षं ते धुळीत बोटाने चित्रं काढून मनातलं सांगत. बायका काढत असलेले चौक त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. भातलावणी, तारप्याभोवतीचा फेर, माशांची जाळी, मुंग्यांच्या रांगा हे तर रोजचंच होतं. म्हणजे डोळा जुना होता आणि बोटांनाही रेघेची ओळख होती. नवं होतं ते वेगळंच: कागदाची मर्यादा, ब्रश, आणि लग्नाचं निमित्त नसताना काढलेलं चित्र. चौकात देवीची जागा ठरलेली असते. कोऱ्या कागदावर मध्य कुठे धरायचा हे काढणाऱ्यानेच ठरवायचं असतं. ही मांडणी त्यांना नव्याने शिकावी लागली, आणि ती त्यांनी अशी शिकली की त्यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं अख्खा कॅनव्हास व्यापतं आणि तरीही डोळा कुठे अडखळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या वयात कौशल्य येतं ते साठवणीवर येतं. लहान मूल नव्या जमिनीत पेरतं, प्रौढ माणूस कलम बांधतो. कलमाला खुंट लागतो आणि कोणता खुंट कुठे आहे हे ओळखावं लागतं. बहुतेक लोक उशिरा शिकायला जातात आणि हताश होऊन परततात, कारण आपल्यापाशी खुंट आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यात किती तथ्य आहे हे पाहायचं राहून जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम जेम्ससारखा थोर मानसशास्त्रज्ञही असंच मानत होता की तिशीपर्यंत माणसाचा स्वभाव गिलाव्यासारखा घट्ट बसतो. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२८ साली प्रौढांच्या शिक्षणावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं आणि मोजून दाखवलं की विशीनंतर शिकण्याची क्षमता घटते खरी, पण घट वर्षाला जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असते. पुढे रेमंड कॅटेलने बुद्धीचे दोन प्रवाह वेगळे केले. एक प्रवाही बुद्धी, म्हणजे अगदी अनोळखी कोडं झटकन सोडवण्याची ताकद. ती तरुणपणानंतर उतरू लागते. दुसरी साचलेली बुद्धी, म्हणजे शब्दसंग्रह, व्यवहाराची जाण, एकाच प्रकारची हजार उदाहरणं पाहून तयार झालेली नजर; ती पन्नाशी-साठीपर्यंत टिकते, काही बाबतींत वाढतेही. म्हण पहिल्या बुद्धीबद्दल थोडीफार खरी आहे. दुसरीबद्दल ती साफ चुकीची आहे.

या दोन बुद्धी प्रत्यक्ष कामात एकमेकींना कशा सावरतात, याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण टंकलेखनाचं आहे. टिमोथी सॉल्टहाउसने १९८४ साली एकोणीस ते बहात्तर वर्षं वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसतं बोट आपटण्याचा वेग वयाबरोबर कमी होत होता, हे मोजमापात स्पष्ट दिसलं. पण प्रत्यक्ष मजकूर टंकण्याचा वेग वयस्क टंकलेखकांचाही कमी नव्हता. कारण शोधलं तेव्हा कळलं की त्यांचे डोळे तरुणांपेक्षा पुढची अक्षरं वाचत होते. बोट एका शब्दावर असताना नजर पुढच्या शब्दात पोहोचलेली असे. बोटाची मंदी नजरेने भरून काढली होती. भात कापणारी वयस्क बाई तरुण मुलीइतकंच शेत संध्याकाळपर्यंत कसं उरकते, हे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

मेंदूबद्दलही असाच गैरसमज आहे की तो एकदा घडला की संपलं. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि ते पाठ करणारे बहुतेक जण मोठी, संसारी माणसं असतात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा ७९ उमेदवारांचे मेंदू प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर तपासले. २०११ साली निष्कर्ष आले. ३९ जण उत्तीर्ण झाले, आणि जागांची स्मृती सांभाळणारा मेंदूचा भाग फक्त त्यांच्यातच वाढलेला दिसला. जर्मनीत २००८ साली साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू हवेत झेलण्याची करामत तीन महिने शिकवली. तरुणांच्या मानाने फार थोड्यांना ती नीट जमली, हे संशोधकांनी लपवलं नाही. पण ज्यांना जमली त्यांच्या मेंदूत तरुणांसारखाच बदल दिसला, आणि सराव सुटल्यावर तो ओसरलाही. थोड्यांनाच जमली आणि जमली त्यांचा मेंदू बदलला, ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचली पाहिजेत. वय अडवतं, पण दार बंद करत नाही. आणि उघडलेलं दार सराव थांबला की पुन्हा मिटतं.

काही दारं मात्र खरोखर लवकर मिटतात आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. सुमारे ६ लाख ७० हजार लोकांची माहिती घेऊन २०१८ साली झालेल्या अभ्यासात असं दिसलं की परक्या भाषेचं व्याकरण जन्मभाषेइतकं सफाईने आत्मसात करण्याची ताकद साधारण सतराव्या-अठराव्या वर्षानंतर झपाट्याने उतरते. उच्चार त्याहून लवकर पक्के होतात. सूर ऐकताक्षणी नावाने ओळखण्याचं कसब तर बालपणातच रुजावं लागतं. पन्नाशीत गाणं शिकायला बसलेल्या माणसाने मैफलीचा गवई होण्याचं स्वप्न पाहू नये, असं म्हणणारा चुकीचं बोलत नाही. पण त्याने राग ओळखू नये, तंबोऱ्याला सूर लावू नये, आपल्या गळ्याच्या आवाक्यातली बंदिश नेटकी गाऊ नये, असं यातून निघत नाही. पहिल्या विधानावरून दुसऱ्यावर उडी मारण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि त्या उडीत कितीतरी आयुष्यांतलं चांगलं काही वाया गेलं आहे.

आणखी एक तुलना आपण कायम चुकीची करतो. चार वर्षांचं मूल घडाघडा बोलतं आणि आपल्याला सहा महिने वर्गाला जाऊनही चार वाक्यं नीट बोलता येत नाहीत, म्हणून आपण वयाला दोष देतो. त्या मुलाने भाषेला रोज दहाबारा तास दिले आहेत, चार वर्षं दिले आहेत, आणि प्रत्येक चुकीला घरातल्यांनी कौतुकाने हसून दाद दिली आहे. प्रौढाने दिले ते आठवड्यातले दोन तास, तेही दिवसभराच्या कामाने शिणलेले. हिशेब तासांचा करायचा असतो, वर्षांचा नव्हे. हर्मान एबिंगहाउसने १८८५ सालीच दाखवून दिलं होतं की एकाच बैठकीत घोकलेलं विसरलं जातं आणि तोच वेळ दिवसादिवसांत वाटून दिला तर टिकतं. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास मोलाचा, हे म्हणूनच पोकळ उपदेशाचं वाक्य नाही. अँडर्स एरिक्सनने १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवर केलेल्या अभ्यासातून सरावाच्या तासांइतकीच सरावाची जातही पुढे आली: जे येत नाही नेमकं त्यावर बोट ठेवून केलेला सराव. मोठी माणसं इथे हमखास चुकतात. जे जमतं तेच पुन्हापुन्हा करतात, कारण न जमण्याची लाज त्यांना मुलांपेक्षा जास्त वाटते. मुलाच्या वेड्यावाकड्या रेघा घरातल्या कपाटावर चिकटवल्या जातात. पंचेचाळिशीच्या माणसाच्या तशाच रेघा कुणी पाहू नयेत म्हणून वहीत मिटवल्या जातात. माझ्या मते वयाची खरी अडचण मेंदूपेक्षा या लाजेत अधिक आहे.

साठवण नेहमी मदतच करते असंही नाही. कधी ती आडवी येते, आणि तेव्हा शिकण्याआधी काही विसरावं लागतं. याचा धडाही डहाणूतच मिळतो, कोसबाडच्या टेकडीवर. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं मोठं काम केलं होतं. त्या या विषयातल्या देशातल्या मोजक्या अधिकारी व्यक्तींपैकी एक होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं (ते पुढे कोसबाडला गेलं) तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. त्यांना साथ द्यायला आल्या अनुताई वाघ, वय ३५, शिक्षिकेचा बऱ्याच वर्षांचा अनुभव. दोघींपाशी भरपूर होतं, आणि त्यातलं बरंच इथे चालेना. माँटेसोरी पद्धतीची साधनं महाग होती, म्हणून शिंपले, दगड, बिया, पानं यांच्यातून ती घडवावी लागली. मुलं वर्गात येईनात, कारण ती गुरं राखायला जात. मग शाळाच कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीत आला. अंगणात भरणारी बालवाडी म्हणजे अंगणवाडी, हीही त्याच धडपडीतून आलेली कल्पना. विचार करा, पन्नाशी उलटलेली आणि आपल्या क्षेत्रात नाव झालेली व्यक्ती वारली मुलामागे कुरणात जाते आणि त्याला काय येतं हे त्याच्याकडूनच शिकते. माहितीची बेरीज करणं त्यामानाने सोपं असतं. आपल्या अधिकाराचा काही भाग खाली ठेवणं जड जातं. मोठ्या वयात शिकणाऱ्यांना मला सगळ्यात आधी हेच विचारावंसं वाटतं: तुम्ही किती मागे ठेवायला तयार आहात?

अनुताईंचं स्वतःचं शिक्षण तर उशिराच्या पायऱ्यांनीच झालेलं. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या आणि पुढे शिक्षिकेच्या नोकरीला लागल्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक झाल्या, आणि कोसबाडचं काम ऐन भरात असताना १९६१ साली पदवीधर झाल्या. म्हणजे ५१व्या वर्षी. पदवी त्यांना नोकरीसाठी नको होती. इतकी कामं डोक्यावर असताना त्या परीक्षेला बसल्या, कारण शिकणं त्यांच्या लेखी संपलेलं नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, ही सगळी असामान्य माणसं. त्यांच्यावरून आमच्यासारख्यांनी काय घ्यायचं? शंका रास्त आहे. पुरस्कार मिळालेल्यांच्याच गोष्टी सांगितल्या तर न जमलेल्यांचा हिशेब लपतो. म्हणून जिथे निवड झालेलीच नाही अशी उदाहरणं पाहायला हवीत. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या बायका घरची कामं उरकून दुपारी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन येतात आणि अक्षरं गिरवतात. पोथी आपल्यालाही वाचता यावी ही त्यांची इच्छा होती. या कुणी निवडून आणलेल्या हुशार बायका नाहीत. गावात त्या वयाच्या ज्या होत्या त्या आल्या. त्यांतल्या काहींची अक्षरं पुसून जातात, काहींना दिसत नाही, ऐकू येत नाही. तरी अंगठ्याच्या जागी सही आली. एकसारख्या साडीचा मला यात मोठा वाटा दिसतो: एकटीची लाज सगळ्यांत वाटली गेली की ती उरतच नाही.

आणि गंजाडजवळच्या वाणगावचं उदाहरण घ्यायचं तर तिथल्या मिरचीकडे पाहावं. या पट्ट्यातली मिरची बाजारात वाणगावच्या नावाने ओळखली जाते. पावसाळी भाताच्या चक्रात वाढलेल्या शेतकऱ्याने मिरचीची रोपवाटिका, ठिबकच्या नळ्या, वाफ्यावरचा मल्चिंगचा कागद, पाण्यातून खत देण्याची मात्रा हे सगळं कुठल्या शाळेत शिकून घेतलं? बांधावर घेतलं, शेजाऱ्याचं पाहून घेतलं, एका हंगामात नुकसान सोसून दुसऱ्या हंगामात सुधारून घेतलं. आणि ते ऐन संसाराच्या वयात घेतलं. पानाचा रंग उतरला की मातीत काय कमी पडतंय, हे ओळखायला लागणारी नजर त्याच्यापाशी आधीपासून होती. खुंट तोच, कलम नवं. त्याला आपण ‘शिक्षण’ म्हणत नाही, त्याचं प्रमाणपत्र नसतं, म्हणून प्रौढांना शिकता येत नाही असं आपल्याला वाटत राहतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिकायला सवड लागते, साधनं लागतात, पोट भरलेलं लागतं. रोज सकाळची लोकल धरून बोईसरच्या कारखान्यात जाणाऱ्याला किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्याला हे सांगणं सोपं आहे का? नाही. आणि म्हणूनच उशिरा शिकणं ही निव्वळ जिद्दीची बाब आहे असं म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. गंजाडला कुणीतरी कागद घेऊन यावं लागलं. फांगण्याला कुणीतरी वर्ग उघडावा लागला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी आणि मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांकरिता आहे. पण अक्षरओळखीच्या पुढे, चाळिशीत नवा धंदा किंवा नवी कला शिकू पाहणाऱ्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी काय आहे? कागद कुणाच्या हातात दिला जातो हाही प्रश्न उरतोच. चौकाची रेघ पिढ्यानपिढ्या बायकांनी जपली, पण बाजाराने आणि पुरस्कारांनी पहिली ओळख दिली ती पुरुषांना. म्हसे यांच्या थोरवीला यामुळे काही उणेपणा येत नाही. पण ज्या सवाशिणींपाशी ही साठवण सगळ्यात मोठी होती, त्यांच्यापर्यंत संधी उशिरा आणि थोडी पोहोचली, हे नोंदवलंच पाहिजे.

शेवटी एक प्रश्न उरतो, जो लोक मोठ्याने क्वचित विचारतात पण ज्याच्यामुळे बहुतेक जण सुरुवातच करत नाहीत: आता शिकून असे किती दिवस वापरायचं? त्याला उत्तर साध्या वजाबाकीचं आहे. अनुताई ३५व्या वर्षी बोर्डीला आल्या आणि १९९२ साली गेल्या. नवं काम त्यांनी ४७ वर्षं केलं. जिव्या सोमा म्हसे १५ मे २०१८ रोजी वारले. कागद हातात आला तोवर त्यांची जवळपास चाळीस वर्षं गेली होती, आणि कागद हातात आल्यावर ते चाळीस वर्षांहून जास्त जगले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी चित्रकार म्हणूनच काढला.